पळणारी टेप

“टेप पळतेय,” बाबा म्हणाले आणि त्यांनी ड्रमच्या काड्या मांडीवर आडव्या ठेवल्या. “मेलीची मोटार गेली.”

गॅरेजमधल्या वर्गात नवी मुलं हसली. टेपवर बाबांच्या तरुणपणच्या बँडचं गाणं धावत होतं. तेच गाणं बाबाही आत्ता वाजवत होते, पण सुटलेल्या गाडीमागून कुणी सामान घेऊन चालावं, तसं. बऱ्याच महिन्यांनी घरी आलेली लेक दाराशी उभी होती. काड्या ठेवताना बाबांचा अंगठा थरथरला, तो तिनं पाहिला. सकाळी त्यांच्या शर्टाची बटणं आईनं लावली होती, तेही.

बाबांचा पहिला धडा तिला तोंडपाठ होता. “रॉक म्हणजे गोंगाट नव्हे, घर आहे. ड्रम म्हणजे जोतं. बास म्हणजे भिंती. गिटार म्हणजे दारं-खिडक्या. गाणारा हा भाडेकरू. सगळ्यात शेवटी येतो आणि सगळ्यात जास्त ओरडतो.” मग दुसरा धडा. “लय वेगळी, सूर वेगळा. आपण हळू वाजवलं तरी सूर जागेवर राहतो. टेप पळाली की मात्र लयीबरोबर सूरही चढतो. चोर असा पकडायचा.”

आज त्यांनी चोर पकडून दाखवला. बास गिटार घेऊन बसलेल्या आईनं तार छेडली. टेपमधला सूर तिच्याहून वर होता.

“बघा. मी आहे तिथंच आहे,” बाबा म्हणाले. केवढे सुखावले होते.

मुलं गेली. बाबा तोंड धुवायला आत गेले. त्यांच्या चपला फरशीवर घासत गेल्या.

लेकीनं टेप पुन्हा लावली, खणातला सूरकाटा काढला, गुडघ्यावर आपटला आणि कानाशी धरला. या काट्याचा सूर कधी बदलत नाही. टेपमधला सूर त्याच्याशी तंतोतंत जुळला. आईचा बास खाली होता. मुलांच्या गिटारीही खाली होत्या, कारण त्या आईच्या बासवरूनच लावल्या जात.

टेप पळत नव्हती.

“आई, तुझ्या तारा उतरल्यात.”

“उतरल्या नाहीत गं. मी उतरवते.” आई बास पुसत राहिली. “ह्यांची लय उतरेल तशा, थोड्या थोड्या.”

“त्यांना माहीत नाही?”

“हात थरथरतो ते माहीत आहे. गोळ्या घेतात. लय सुटतेय, ते कानांना अजून कळलेलं नाही.”

“आणि तुला कधी कळलं?”

“मी भिंत ना. जोतं खचलं की आधी भिंतीला कळतं.”

“अजून किती उतरवशील?”

आईनं सगळ्यात जाड तार छेडली. ती इतकी सैल झाली होती की सूर निघालाच नाही. नुसती लाकडावर खडखडली.

बाबा तोंड पुसत आले. “काय गं, तुझे तरुण कान काय म्हणतात?”

लेकीनं सूरकाटा मुठीत दाबला.

“टेपच पळतेय, बाबा.”

तिनं गिटार उचलली आणि एकेक खुंटी सैल करत तारा आईच्या बासशी जुळवल्या. बाबा स्टुलावर सावरून बसले. काड्या वर धरून मोजायला लागले.

“एक,” ते म्हणाले.

मायलेकी दोनची वाट बघत राहिल्या.