पायाचं माप

फादर जोकीम खळ्याच्या काठावर थांबले. वाकून बुटाच्या नाडीला हात घालत म्हणाले, "मुकेश, इथे काढायचे असतात ना रे?"

शेणाने सारवलेलं खळं आणि मधोमध नव्या भाताची रास. रास घरात जाईपर्यंत खळ्यावर कणसरी बसलेली असते, धान्याची आई. तिथे पायताण घालून कोणी जात नाही. तलासरीकडच्या पाड्यातल्या शेंबड्या पोरालाही हे सांगावं लागत नाही, मग मुकेशला कशाला सांगायला हवं? त्याने सवयीने आपल्या चपला कधीच काढल्या होत्या.

पण फादर पडले वसईचे, शिकलेले. मुकेशच्या बाप्तिस्म्याला अजून वर्षही झालं नव्हतं. आता हे कणसरीचं सांगत बसलो तर यांना वाटायचं, हा गडी अजून तिथेच अडकलाय.

"नाही हो फादर," तो हसून म्हणाला. "तसलं काही नसतं आता. जुन्या लोकांचं आपलं काहीतरी." आणि बोललो ते खरं दिसावं म्हणून त्याने काढलेल्या चपला परत पायात अडकवल्या.

"नक्की ना? मी तुमच्यात पाहुणा आहे. चुकलो तर सांगायचं."

"नक्की, फादर. या."

राशीपाशी मुकेशची आई बुधीबाई आणि बायको सुषमा उभ्या होत्या. बुधीबाईने लेकाचा देव घेतला नव्हता. लेक चार दिवस मागे लागला, म्हणून त्याच्या फादरांना राशीपुढे प्रार्थना करू द्यायला ती कशीबशी कबूल झाली होती. फादरांचे बूट सारवणावर उमटत आले, तसा सुषमाने पदर तोंडाला लावला.

फादरच थबकले. दोघींच्या अनवाणी पायांकडे त्यांचं लक्ष गेलं होतं.

"आई, खरं सांगा. इथे बूट चालत नाहीत का?"

मुकेशने आईकडे पाहिलं. आता ही सांगणार, आणि आपण फादरांसमोर खोटे पडणार.

बुधीबाईने लेकाच्या पायांकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

"चालतात, बाबा," ती म्हणाली. "आम्हाला चपलाच नायत, म्हणून आम्ही अशा."

तिच्या चपला पेंढ्याच्या ढिगामागे काढून ठेवलेल्या होत्या. मुकेशनेच तलासरीच्या बाजारातून आणलेल्या. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळं सांगून टाकावं म्हणून त्याने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

फादर कळवळले. "अरेरे, माझ्या लक्षातच आलं नाही. पुढच्या खेपेला मी घेऊन येतो, आई. मुकेश, माप घेऊन ठेव बघू पायाचं." एवढं बोलून ते प्रार्थनेचं पुस्तक उघडत राशीकडे वळले.

मुकेशने पेंढ्याची एक काडी उचलली आणि तो आईपुढे उकिडवा बसला. भेगांत शेण गेलेलं पाऊल तिने पुढे केलं. त्याने टाचेला काडी लावली. लाजेने मान वर होत नव्हती.

बुधीबाई खाली वाकली. फादरांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "त्यांना ठावं नाय, बाला. तुला ठावं हाय."