कान शाबूत

मांजरसुंब्याला चहासाठी गाडी थांबली.

"आजची केमो शेवटची. आईला पुढं आणायचं न्हाई. व्हायचं ते होऊ दे," नाथा बायकोला म्हणाला.

"हळू बोला. आत्याबाई मागंच बसल्यात."

"तिचे कान गेले आता. केमोतल्या त्या प्लॅटिनमच्या औषधानं जातात, डॉक्टरीणबाई म्हणल्याच हुत्या."

मागच्या सीटवर भामाबाईंनी चहा बशीत ओतला.

दवाखान्यात कानांची तपासणी झाली. डॉक्टरीणबाई खूश होत्या. "आजी, केमोनंतर तुम्हाला ते नवीन इंजेक्शन देतो ना, ते लागू पडलं. कान एकदम शाबूत आहेत तुमचे. आजही देऊ."

भामाबाईंनी हात पदराआड घेतला.

"ती कान वाचवायची सुई आज नको, बाई. परत त्याच गाडीत बसून जायचंय मला."