काचेवर मेलेली गाठ

धोंडीबा डबा घेऊन दारात उभा राहिला तेव्हा डॉक्टर मानसिंग नुकतेच मायक्रोस्कोपवरून उठले होते. त्यांना त्या घडीला कुणाचंच तोंड बघायचं नव्हतं, आणि धोंडीबाचं तर मुळीच नाही.

"डाक्टरसायब, नवस फेडला!" धोंडीबा दारातूनच ओरडला. "लक्षुमीआईला बोकड दिलं. आख्खी भावकी जेवली. तुमचा वाटा आणलाय."

त्याच्या मागे त्याची बायको, बनाबाई. इंजेक्शनांनी केस गेलेले, म्हणून पदर पार कपाळापर्यंत ओढलेला. कडेगावहून मिरजेपर्यंत एसटीत बसून आल्यानं ती धापा टाकत होती.

"अहो मामा, एवढी घाई कशाला केलीत? इंजेक्शनं अजून चालू आहेत."

"घाई कसली? गाठ मेल्याली तुमीच दावली न्हवं बाटलीत? आईनं तिचं काम केलं. मग तिचं द्यायचं कवा?"

दाखवली होती, हे खरंच होतं. बनाबाईच्या छातीतली गाठ कापली तेव्हा तिचा तुकडा डॉक्टरांनी इस्पितळाच्या ह्या मागच्या खोलीत आणला. त्यातल्या पेशी काचेच्या चपट्या बाटलीत वाढवल्या आणि बनाबाईला जे औषध द्यायचं तेच आधी त्यांच्यावर घातलं. पेशी पटापट मेल्या. डॉक्टर इतके हरखले की धोंडीबाला हाताला धरून वॉर्डातून इथं आणलं आणि मायक्रोस्कोपला डोळा लावायला लावला. धोंडीबाला त्यातलं काय कळलं देव जाणे, पण मेली एवढं कळलं. तो गावी गेला आणि बोकड शोधायला लागला.

डॉक्टरांना शंका आली ती नंतर. माणसाच्या अंगात काच कुठली आलीय? गाठ वाढते ती मऊ मांसात. मग त्यांनी उंदराच्या शेपटीतले चिवट तंतू विरघळवून एका वाटीत खरवसासारखा मऊ थर केला आणि राखून ठेवलेल्या त्याच गाठीच्या पेशी त्यात रुजवल्या. वर तेच औषध, तेवढंच. आज सकाळी बघितलं तर पेशी मजेत होत्या.

"मला बी दावा ती बाटली," बनाबाई म्हणाली.

"दावा, दावा. हिचा इस्वासच बसत न्हाई," धोंडीबा हसला. "मी तवर च्यावाल्याकडनं ताटली घेऊन येतो."

तो गेला. डॉक्टरांनी बाटली मायक्रोस्कोपखाली ठेवली. बनाबाईनं पदर सावरून डोळा लावला.

"राख सांडल्यावाणी दिसतंय."

"हो. मेलेल्या पेशी त्या."

"मग काखंत नवी कुठनं आली?"

तिनं डोळा काढला नव्हता.

"काखेत? मामांना माहीत आहे?"

"न्हाई. बोकड कापायच्या दिशीच सकाळी हाताला लागली. पाव्हणं जमलं व्हतं, चुलवान पेटलं व्हतं. कसं सांगू?" मग तिचं लक्ष टेबलाकडं गेलं. "आन त्या झाकल्याल्या वाटीत काय हाय?"

काही नाही, असं सांगायला डॉक्टरांनी तोंड उघडलं. पण ती बाई त्यांच्याकडं अशी बघत होती की खोटं बोलवेना.

"तुमचीच गाठ आहे, मावशी. औषधही तेच. फक्त ही काचेवर नाही वाढवली, अंगातल्यासारख्या मऊ जागेत वाढवली."

"दावा."

डॉक्टरांनी वाटी ठेवली. बनाबाई खूप वेळ बघत राहिली.

"मुळ्या फुटल्यात," ती म्हणाली. "उसाच्या कांडीला फुटत्यात तशा. व्हय, ही माझी."

"औषध बदलून बघू आपण."

"दुसरं हाय का?"

"बघतो ना," डॉक्टर म्हणाले. बनाबाईनं वाटीवर झाकण ठेवलं. डॉक्टरांना मात्र आपण फार हलकं काही बोललो असं वाटून शरम वाटली.

"ही वाटी ह्यांना दावू नगा," ती स्टुलावरून उठत म्हणाली.

"कधीतरी कळणारच, मावशी."

"कळू द्या की. आदी बोकड तर पचू द्या त्यांला."

धोंडीबा ताटली घेऊन आला. खोलीत खायची बंदी होती, म्हणून तिघं बाहेर पडवीत बसले. डॉक्टरांनी हात तीनदा धुतले.

"बगितलीस?" धोंडीबानं विचारलं.

"बगितली."

"मेलीय न्हवं?"

"मेलीय."

"बगा, मी सांगत व्हतो तवा ऐकंना!" त्यानं आनंदानं डबा उघडला. रस्सा दाट होता, वर तरी आलेली. बनाबाईनंच शिजवलं होतं, एका हातानं, दुसरा हात वर उचलवत नव्हता म्हणून. धोंडीबाला वाटत होतं इंजेक्शनांनी तो जड झालाय. डॉक्टरांनी भाकरी मोडली. तुकडा रश्शात बुडवून तसाच ताटलीत ठेवला.

"खावा, लाजू नगा. आजून एक बोकड हाय," धोंडीबा म्हणाला. "करडूच हाय आता, दारात बांधलंय. हिचं क्येस परत आलं की तेबी आईला."

"त्येला लय आयुक्ष हाय," बनाबाई म्हणाली, आणि डॉक्टरांच्या ताटलीत आणखी एक फोड वाढली.