अर्ध्या कॉलरचा साचा

बाईंनी कोट घालून आरशात पाहिलं, बाही बरोबर झाली म्हणाल्या, पैसे ठेवले, तरी शिंपी वाटेतून बाजूला होईना. काउंटरखालून त्यानं एक लांब वही काढली आणि त्यांच्यापुढे ठेवली. बायकोची होती. शेवटची दोन वर्षं ती दर शनिवारी बाईंच्या इंग्रजीच्या वर्गाला जायची. ती वारली त्याला दीड महिना झाला होता.

"मला एक वाक्य शिकवा बाई," तो म्हणाला. "रविवारच्या आत."

रविवारी नातीचा फोन यायचा. मुलगा-सून परमुलखात, नातीला इंग्रजीशिवाय काही बोलता येत नसे. आजी तिच्याशी मोडकंतोडकं का होईना, तासभर बोलायची आणि तो मागून हात हलवायचा. आता फोन त्याच्या हातात आला होता. मागच्या रविवारी नात काहीतरी लांबलचक बोलली आणि तो नेहमीसारखा 'येस, येस' म्हणाला. मग मुलानं सांगितलं, बाबा, आजी बरी होऊन परत येणार ना, असं विचारलं तिनं. आम्ही तिला सगळं नीट सांगितलं होतं, पण आजोबा येस म्हणाले म्हणून आता ती आमचं ऐकत नाही.

"आजी गेली, आता यायची नाही. एवढंच वाक्य," शिंपी म्हणाला. "घोळ मी घातला, मीच निस्तरला पाहिजे."

बाई कोट काढून स्टुलावर बसल्या. एका वाक्यानं भागणार नाही, त्या म्हणाल्या. पोरगी उलटून विचारेल, कुठे गेली, का गेली. तेव्हा पुन्हा येस म्हणणार का? बोलणं कोणाबद्दल चाललंय, कोण काय करतंय, हे मुळातून कळायला हवं. तुमच्या बायकोला वाक्यातला कर्ता ओळखायला महिना लागला, सर्वनामं मात्र झटक्यात आली. वही आहेच, तिच्याच वहीतून जाऊ.

त्यांनी वही उघडली. पानोपान बाहेरची कड नव्हती. कुठे वळणदार तुकडा गेलेला, कुठे चौकोनी.

"उंदीर गेले का हो तुमच्याकडचे?"

"उंदीर?"

"ती म्हणायची, घरात उंदीर फार झालेत, वही कुरतडतात. मी म्हटलं, टेलरमास्तरांना सांग पिंजरा लावायला. केवढी हसली होती."

शिंप्याच्या घरात कधी उंदीर नव्हता. वही मशीनजवळ पडलेली असायची. कागद जाड, रेघा आयत्या आखलेल्या, कापड बेतायच्या साच्याला आणखी काय हवं. पान फाडायचं नाही एवढी भीड ठेवून तो कडेनं कात्री चालवायचा. अहो, लिहिलंय त्यावर माझं, असं ती एकदाच म्हणाली होती. या वयात कुठे मडम व्हायचंय, असं त्यानं हसून म्हटलं, आणि तीही हसली होती.

बाईंचं बोट एका पानावर थांबलं.

"घरातल्या माणसाबद्दल लिहून आण म्हटलं होतं. बाकीची पानं ती पुन्हा लिहून आणायची. हे नाही आणलं. काय लिहिलं होतं ते आठवत नाही म्हणाली."

"काय राहिलंय त्यातलं?"

बाई जरा घुटमळल्या. "माझा नवरा मला हसतो. पुढचं कापलंय."

शिंप्यानं त्या कडेवरून अंगठा फिरवला. वळण त्याच्या हाताचं होतं, चटकन ओळखू आलं. तो उठला, खिळ्याला सुतळीत ओवून टांगलेले साचे चाळले आणि त्यातला एक काढला. अर्धी कॉलर, साडेपंधरा इंच गळ्याची. अक्षरांवरूनच त्यानं जाड पेन्सिलीनं माप लिहिलं होतं. या साच्यावर शंभरेक शर्ट तरी निघाले असतील. त्यानं तो पानाला लावला. केसाएवढी फट राहिली नाही.

बाईंनी आकड्याखालची अक्षरं लावली. आधी इंग्रजीत वाचलं. मग थांबून आपल्या भाषेत.

"तोही शिकेल. मी त्याला शिकवीन."

दारात एक गिऱ्हाईक डोकावलं, शर्ट झाला का म्हणालं. उद्या या, शिंप्यानं मान वर न करता सांगितलं. मग सगळी सुतळी खिळ्यावरून उतरवली, गाठ सोडली आणि साचे काउंटरवर पसरले.

"पहिल्या पानापासून घ्या बाई," तो म्हणाला. "मी जोडत जातो, तुम्ही वाचत जा."