रबरी चप्पल

दिवाळीपासनं वर्षाराणी नवऱ्याच्या मागं लागली होती. "अहो, गिझरच्या नळाला हात लावला की करंट बसतोय. वायरमनला बोलवा की!"

विजयसिंहानं मोबाईलमधनं मान वर न काढताच इलाज सांगितला, "रबरी चप्पल घालून जा बाथरूममध्ये. काय हुत न्हाय."

त्याला तो करंट कधी बसलाच नव्हता, कारण त्याच्या आंघोळीची बादली रोज तीच भरून ठेवायची. सगळी थंडी तिनं पायात चप्पल घालून आणि नळाला कोरडं फडकं लावून काढली. तरी कधीमधी कोपरापर्यंत झिणझिण्या यायच्याच.

त्याच गिझरचा एक नळ भिंतीपलीकडं गोठ्यात काढला होता, व्यालेल्या म्हशीला गरम पाण्यानं धुवायला. काल मुऱ्हा म्हैस व्याली. आज सकाळी गमबूट घालून विजयसिंहानं तो नळ सोडला, म्हशीनं ओलं नाक नळाला लावलं आणि दावं तोडून ती थेट रस्त्यावर पळाली.

अर्ध्या तासात वायरमन यल्लाप्पा दारात हजर. त्यानं गोठ्यातल्या नळाला टेस्टर लावला, तर दिवा लख्ख पेटला.

"कॉइल फुटल्या, आन् अर्थिंग तर जोडलेलंच न्हाय. माणूस मेलं असतं की वो! कधीपासनं करंट येतोय ह्यात?"

चहा घेऊन आलेली वर्षाराणी उंबऱ्यातच थांबली.



रस्त्यावरनं धरून आणलेल्या म्हशीच्या पाठीवरनं हात फिरवत विजयसिंह म्हणाला, "आज सकाळपासनंच."