पलीकडची सभा

शिंप्याची बायको महामार्ग ओलांडताना गाडीखाली गेल्याचं कळलं, तो दिवस सभेचा होता. रस्ता रुंद करण्याबद्दल लोकांचं म्हणणं ऐकायला साहेब आले होते. ‘रुंद करा बापडे, पण आधी पायी जाणाऱ्यांसाठी पूल बांधा,’ एवढंच सांगायला ती निघाली होती.

पुन्हा सभा लागली, तेव्हा शिंप्याने साहेबांना फोन केला.

"साहेब, या खेपेला सभा रस्त्याच्या आमच्या बाजूला घ्या."

"अहो, पलीकडे शाळा आहे, पंखे आहेत. तुमच्याकडे बसायचं कुठे, झाडावर? आणि मागच्या वेळी तुमच्या बाजूचं चिटपाखरू आलं नाही. म्हणजे तुमची हरकत नाही, असंच आम्ही समजलो."

"एक जण निघाली होती, साहेब."

"पोचली नाही ना? समोर येऊन बोलाल तेवढंच आम्ही लिहून घेतो."

सभेच्या सकाळी शिंपी लेकीला घेऊन रस्त्याच्या कडेला उभा राहिला. ट्रकमागून ट्रक येत होते, पाऊल टाकायला फट मिळेना. पलीकडून भोंग्यावर आवाज आला, "त्या बाजूचं कुणी आहे का? शेवटचं विचारतोय."

"बाबा, तुमचे गुडघे धड नाहीत. तुम्ही थांबा, मी पळत जाऊन सांगते," असं म्हणून लेकीने चपला हातात घेतल्यासुद्धा.

 

शिंप्याने तिचं मनगट घट्ट पकडून ठेवलं, आणि पुलाचं सांगायचं याही खेपेला राहून गेलं.