कपाळावरचा डाग

“देवी पाठवतेय, तिला रोज कुंकू लाव,” असं आईनं लिहायला सांगितलं आणि आमच्या ग्रामदेवीच्या चित्राचं पोस्टकार्ड मी ताईला नैरोबीला धाडलं.

ताई वारल्यावर तिचा लेक ते कार्ड घेऊन आला. “मावशी, बघ, देवीच्या कपाळावरचा लाल डाग मी किती सफाईनं पुसून टाकलाय! आता फ्रेम करतो.”

उपासाला आवाज चढवायचा नाही, हा माझा नेम त्या शुक्रवारी मोडला. “डाग? अरे, तुझ्या आईनं जन्मभर लावलेलं कुंकू होतं ते! रोज सकाळी ती काय करायची, एकदाही पाहिलं नाहीस?”

त्यानं कार्ड माझ्यापुढे ठेवलं.

“मी आले नाही, तर देवीची ओटी तू भर,” असं ताईनं फोनवर माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं. मी खण-नारळ घेतला आणि देवळाकडे निघाले.